खड्याची हाक

त्या उन्हाळ्यात खाणीतलं तळं आटलं आणि क्रशरवर पाणी मारायचं बंद झालं. एरवी मशीनच्या जबड्यात दगड पडायच्या आधी त्यावर धार सोडायचे, म्हणजे धूळ जरा दबून राहायची. पाणीच नाही म्हटल्यावर दगड कोरडाच भरडायला लागले. सकाळी मशीन सुरू झालं की घटकाभरात सगळा माळ पांढरा. माणसं पांढरी, कुत्री पांढरी, दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत पांढरे. भिंगरीची आई मशीनच्या सरकत्या पट्ट्याशी उभी राहून खडीतली माती वेचायची. संध्याकाळी ती तोंड धुवायला बसली की तांब्यातल्या पाण्याचा चिखल व्हायचा. तिची म्हातारी सासू म्हणायची, "आपल्याला मेल्यावर कुणी माती द्यायला नको. जिवंतपणीच मिळतेय."

मोठ्यांचं एक वेळ चालून जातं. पण पोरं खोकायला लागली. खोकून खोकून रात्रीचं जेवण सकाळी बाहेर. शेवटी बायका मुकादमाला जाऊन भिडल्या. मुकादम म्हणाला, "मग मी काय करू? ढगाला दोरी बांधून ओढू?"

"ढग राहू दे," भिंगरीची आई म्हणाली. "पोरांना बसायला धुळीपासून लांब जागा दे."

आता मुकादम काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कटकट नको असायची. टेकडीच्या पलीकडे गाड्यांचं वजन करायचं जुनं काटाघर रिकामं पडलं होतं. ते त्याने देऊन टाकलं. गावातल्या बायकांच्या मंडळाला क्रशरवरच्या पोरांसाठी बालवाडी काढायचीच होती, फक्त छप्पर मिळत नव्हतं. दोन्हीकडच्या बायकांनी मिळून काटाघर झाडलं, पोतेरं फिरवलं, भिंतींना चुना फासला. गावातल्या टेलरची सून शिकलेली होती, ती शिकवायला यायला तयार झाली. पोरं तिला ताई म्हणायला लागली आणि मग सगळेच तिला ताई म्हणायला लागले.

बालवाडीच्या मागे एक गरज होती. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी आधी क्रशरची पोरं पहिलीत घेऊन बघितली होती. ती बसायची नाहीत, बोलायची नाहीत, खिडकीतून उड्या मारून पळायची. तेव्हापासून गुरुजी म्हणायचे, "आधी त्यांना बसायला आणि बोलायला शिकवा. मग मी एकाला नाही म्हणणार नाही." पावसाळ्यात शाळा उघडेल तेव्हा बालवाडीतली मोठी पोरं पहिलीत जायची, असं ठरलं.

भिंगरीच्या आईचा सगळा जीव त्या ठरण्यात अडकला होता. तिची स्वतःची बोटं खडीने घासून गुळगुळीत झाली होती, एक नख तर कायमचं गेलं होतं. तिची आई पट्ट्याशी उभी राहिली होती, तीही राहिली. एवढी एक भिंगरी पट्ट्यापासून सुटली की गंगेत घोडं न्हालं, असं ती कुणालाही धरून सांगायची.

*

आता क्रशरवरच्या बोलण्याचं सांगायला हवं. तिथे तोंडाने बोलायची सोयच नव्हती. मशीन सुरू असताना शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला फक्त आपलं तोंड हललेलं दिसायचं. म्हणून सगळं हातावर. अंगठा तोंडाशी नेला की पाणी. ओठांवर दोन बोटं फिरवली की मुकादम आला, त्याच्या मिशांवरून. मुकादमालाही ते माहीत होतं. तो कळलं नाही असं दाखवायचा आणि मिशांना आणखी पीळ भरायचा. तळहात आडवा फिरवला की बंद, संपलं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की सुरुंग. मग हातातलं टाकायचं, आडोशाला पालथं पडायचं, विचारत बसायचं नाही. चालायला लागलेल्या पोराला आधी ही फुली शिकवायचे आणि मग बाकीचं. पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या पायाशी खडा टाकायचा. हळूच. तो वळून बघायचा.

ही सवय इतकी मुरली होती की मशीन बंद असलं तरी झोपडीत माणसं हातानेच बोलायची. भिंगरीचा बाप ड्रिल चालवायचा. त्याच्या कानात सदानकदा शिट्टी वाजत असायची, त्याच्याशी बोलायचं म्हणजे स्वतःचा घसा फोडून घ्यायचा. त्यापेक्षा हात बरे.

अशा घरात भिंगरी जन्मली. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. चालायला लवकर लागली, पळायला त्याहून लवकर. पाण्याची खूण, मुकादमाची खूण, सगळं तिला बापाआधी कळायचं. तोंडाने मात्र पाच वर्षांची झाली तरी एक शब्द नाही. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तिथली सगळीच पोरं मुखदुर्बळ. सासू म्हणायची, "उशिरा बोलणारं पोर शहाणं निघतं. आणि हिचा बाप तरी कुठे बोलतो? लग्नाला हो म्हणाला, ते शेवटचं."

*

काटाघरात पहिल्या दिवशी भिंगरीच्या आईला कान रिकामे झाल्यासारखे वाटले. टेकडी मध्ये आली की मशीनचा आवाज नुसता गुणगुणल्याइतका उरायचा. चिमण्या ऐकू येत होत्या. पोरं बिचकून भिंतीला चिकटून बसली आणि एकमेकांना हाका मारायला पायाशी खडे टाकू लागली.

ताई घाबरली. "अगं बाई, ही तर दगड मारतायत एकमेकांना!"

"मारत नाहीत हो, बोलावतायत," भिंगरीची आई हसून म्हणाली आणि तिने सगळं समजावून सांगितलं.

ताईलाही हसू आलं. पण तिने दाराशी एक बादली ठेवली. "खडे सगळे यात टाकायचे. इथे नावाने हाक मारायची. शाळेत गुरुजी काय खडा टाकणार आहेत का?"

हळूहळू पोरांची तोंडं उघडली. शेजारच्या झोपडीतली टकली, उवांमुळे तिचं डोकं कायम भादरलेलं असायचं, ती तर एकदा बोलायला लागली ती थांबेचना. झोपेतसुद्धा बडबडते म्हणून तिची आई कौतुकाने रडगाणं गायची. भिंगरी बोलली नाही, पण बाकी सगळ्यात पुढे. गाणं सुरू झालं की ताईच्या हातांकडे टक लावून बघायची आणि हात धुवायचे, दात घासायचे, पक्षी उडवायचे, सगळे हावभाव बिनचूक करायची. मणी ओवण्यात तिचा हात कुणी धरायचं नाही. लहान-मोठे खडे वेगळे करायला दिले तर चाळणी मागे पडावी.

"तुमची पोरगी फार चुणचुणीत आहे," ताई एकदा म्हणाली. "नुसती बोलायला लाजते. लाज मोडली की बघा."

त्या दिवशी भिंगरीची आई टेकडी उतरून आली ती तरंगतच. पट्ट्याशी उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला तिने हाताने सांगितलं की माझी पोरगी पहिली. पहिलीची खूण काही क्रशरवर नव्हती, म्हणून तिने आपलं एक बोट वर केलं आणि छाती पुढे काढली. बायका हसल्या. सासू म्हणाली, "अगं, जमिनीवर पाय ठेव, पट्ट्यात अडकशील."

ताईच्या सासऱ्याने, टेलरने, उरलेल्या निळ्या कापडातून शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी पिशव्या शिवून दिल्या. भिंगरी ती पिशवी उशाला घेऊन झोपायची.

*

मग एक दिवस भर दुपारी पट्टा तुटला. मशीन बंद पडलं, मुकादमाने आडवा तळहात फिरवला आणि बायकांना मोकळं केलं. भिंगरीची आई हरखून टेकडी चढली. पोरगी सुटायच्या आधी आपण दारात उभं राहायचं, आत काय चालतं ते बघायचं, असं कधीपासून तिच्या मनात होतं.

पोरं दाराकडे पाठ करून बसली होती, पानं दोऱ्यात ओवत होती. भिंगरी पुढच्या ओळीत. सवयीने आईचा हात खाली गेला आणि तिने एक खडा उचलला. ताईने बघितलं आणि बोट हलवलं. "तुम्हीसुद्धा? हाक मारा बघू. पोरांना कळू दे."

भिंगरीची आई ओशाळली. खरं सांगायचं तर तिने लेकीला कधी नावाने हाकच मारली नव्हती. तिच्याबद्दल बोलताना भिंगरी, भिंगरी. पण तिला बोलवायचं तर खडा. तिने घसा साफ केला.

"भिंगरे!"

सगळी पोरं वळली. भिंगरी पान ओवत राहिली.

"ए भिंगरे! इकडे बघ!"

पोरं खिदळायला लागली. टकली ओरडली, "भिंगरे, आई आली बघ तुझी!" भिंगरीने दोरा ओठांत ओला केला. आईला घाम फुटला. चारचौघांत, ताईसमोर, आपलीच पोरगी आपल्याला भीक घालत नाही. छाती फुगवून सगळीकडे सांगितलं ते काय यासाठी? तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात ओरडली की तिला खोकला आला. मग मात्र तिचं डोकं फिरलं. तरातरा जाऊन तिने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला.

भिंगरीने दचकून वर बघितलं. आई दिसली तशी आधी हसली. पाठ दुखतेय हे तिला नंतर कळलं आणि मग ओठ थरथरायला लागले. त्या तोंडावर खोडी नव्हती की हट्ट नव्हता. आई इतक्या लवकर कशी आली, एवढंच होतं.

ताईचा चेहरा उतरला.  कोपऱ्यातली पत्र्याची थाळी घेऊन ती भिंगरीच्या मागे गेली आणि लाटण्याएवढ्या काठीने थाळी दणादण बडवली. सगळ्या पोरांनी कानांवर हात ठेवले. भिंगरीने आजूबाजूला बघितलं, सगळ्यांचे हात कानांवर दिसले. मग तिनेही आपले हात कानांवर ठेवले आणि बरोबर केलं ना म्हणून आईकडे बघितलं.



*

ताई त्यांना मोठ्या गावच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डॉक्टरीण बाईंनी भिंगरीच्या कानांना यंत्र लावलं, एका पेटीतले दिवे बघितले, पुन्हा लावलं. मग चष्मा काढून विचारलं, "जन्मापासून ऐकू येत नाही हिला. इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"पण सुरुंग उडाला की दचकते हो ती! मशीन सुरू झालं की उठून बसते!"

"जमीन हादरते ते तिला कळतं, बाई."

भिंगरीची आई खाली मान घालून म्हणाली, "आमच्याकडे कुणी बोलतच नाही." बाहेर बाकावरच्या दोघीतिघींनी वळून बघितलं. ही कसली आई, असं त्यांच्या डोळ्यांत होतं आणि तिला ते पटलं.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या की तान्ही असताना आणली असती तर गोष्ट वेगळी होती. अशा मुलांची एक शाळा आहे, लांब शहरात, तिथेच राहायचं. पण तिथे यंदा जागा नाही. पुढच्या वर्षी बघता येईल. ताईने सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं. भिंगरीच्या आईने फक्त लांब आणि तिथेच राहायचं एवढंच ऐकलं.

घरी सासूने कपाळावर हात मारला. "आमच्या घराण्यात असलं कुणी नाही. तुझ्या माहेरचं असेल."  भिंगरीचा बाप बाहेर डिझेलच्या पिंपावर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आत आला, एक खडा उचलून पोरीच्या पायाशी टाकला. भिंगरी वळली, हसली, बापाच्या पायांना जाऊन बिलगली.

"आली की!" तो मोठ्याने म्हणाला, त्याचं बोलणं नेहमीच मोठ्याने असायचं. "कोण म्हणतं ऐकू येत नाही?"

 तो पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत उभा राहिला आणि त्याच्या धुळकट गालांवरून पाण्याचे ओघळ उतरले.

*

पण आईचं मन इतक्यात हार मानायला तयार नव्हतं. ऐकू येत नाही तर नाही. डोळे आहेत, हात आहेत, अक्कल तर सगळ्यांहून जास्त आहे. गुरुजी पोरं बघायला येणार होते. तोवर हिला हजर म्हणायला शिकवायचं. ती रोज कामावरून आली की चूल पेटवायच्या आधी पोरीला समोर घ्यायची, तिचा हात आपल्या गळ्यावर धरायची आणि म्हणायची, "हजर." गळा थरथरलेला पोरीच्या बोटांना कळायचा. मग तिचा हात तिच्याच गळ्यावर. आधी नुसता वारा आला. मग घरघर. मग एकदा "अज" असं काहीतरी आलं आणि मायलेकी दोघी नाचल्या. सासू कुरकुरली, "मशीन काय कमी होतं?" पण तीही पदराआड डोळे पुसत होती.

टकलीला फितवलं. भिंगरीचं नाव घेतलं की हिला गुडघा लावायचा. टकलीने जबाबदारी अशी अंगावर घेतली की दिवसभर पोरीला गुडघे मारून मारून निळी केली. ताईला सगळं दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "बघू या." तिलाही ते मनापासून हवंच होतं.

गुरुजी आले. पिकलेल्या केसांचे, छत्री घेऊन. पोरांनी गाणं म्हटलं, भिंगरीने हावभाव केले. हजेरी सुरू झाली. भिंगरीचं नाव आलं, टकलीचा गुडघा लागला आणि भिंगरी ताडकन उभी राहून ओरडली, "अज!" दारात उभ्या आईला वाटलं, जिंकलं.

गुरुजी खूश झाले. त्यांनी तिला जवळ बोलावून खडू दिला. तिने पाटीवर क्रशर काढला, जबड्यासकट, पट्ट्यासकट, पट्ट्याशी उभी बाई. "वा!" गुरुजी म्हणाले आणि पाटी उजेडात बघायला तिच्या मागे खिडकीशी गेले. तिथून सहज विचारलं, "आणि ही बाई कोण गं काढलीस?"

भिंगरी बोटाला लागलेला खडू पुसत उभी. टकली जागेवरून गुडघा हलवत होती, पण तो तिथपर्यंत पोचणार कसा? गुरुजींनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी ताईकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पाटी खाली ठेवली.

बाहेर येऊन भिंगरीच्या आईने हात जोडले. "कोपऱ्यात बसेल, गुरुजी. कुणाला त्रास देणार नाही. सगळं बघून बघून करते ती."

"बसवून घ्यायला मला काहीच नाही, बाई," गुरुजी म्हणाले. "पण खोल्या दोन, इयत्ता चार. मी फळ्याकडे तोंड करून शिकवणार आणि ही माझ्या पाठीकडे बघत बसणार. एक वर्ष बसेल, दोन वर्षं बसेल. मग तिला वाटायला लागेल की आपण ढ आहोत. ती ढ नाही, म्हणून मी नाही म्हणतोय."

एखाद्याने दरडावून नाही म्हटलं तर भांडता तरी येतं. हे असं चांगुलपणाने नाही म्हटल्यावर माणसाने काय करायचं? ताई म्हणाली, वर्षभर ती इथेच काटाघरात राहील, लहान पोरांबरोबर. शहरातल्या शाळेचं मी सोडणार नाही. भिंगरीच्या आईने मान हलवली. तिला ते कळत होतं. पण पोरीला कसं कळवायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

*

कारण क्रशरच्या हातांना पुढच्या वर्षी म्हणता येत नव्हतं. तिथे फक्त आत्ताचं होतं. ये, थांब, उचल, पाणी, बंद. का असं विचारायलाही खूण नव्हती, कारण क्रशरवर का विचारून कुणाचं भलं झालं नव्हतं. आईने निळ्या पिशवीकडे बोट दाखवून आडवा तळहात फिरवला. बंद. भिंगरीने मान हलवली. पिशवीकडे बोट, टकलीच्या झोपडीकडे बोट, आपल्या छातीकडे बोट. त्यात समजायचं राहिलं काय?

शाळा उघडायच्या दिवशी भिंगरीने स्वतःच तोंड धुतलं, केस ओले करून चापले आणि पिशवी गळ्यात अडकवून काटाघराच्या दारात रांगेत पहिली जाऊन उभी राहिली. सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे. काटाघरापासून शाळेचं फाटक समोर उतारावर दिसायचं, मध्ये गावाचा पाण्याचा पंप. आई मुकादमाला विचारून आली होती. 

तिने पोरीचा हात धरून तिला रांगेतून बाजूला घेतलं. भिंगरी हात सोडवून परत जाऊन उभी राहिली. पुन्हा घेतलं. पुन्हा गेली. या खेपेला टकलीचा हात घट्ट धरून. "तिला येऊ दे की!" टकली म्हणाली. ताईने तोंड फिरवलं. आईने पोरीला उचललं तर तिने आईच्या मनगटाला चावा घेतला, लाथा झाडल्या. पंपावरच्या बायका बघायला लागल्या. ताईने रांग पुढे काढली.

रांग निघाली तशी पोरगी अशी उसळली की आता हातातून सुटणारच. आणि त्या घाईत भिंगरीच्या आईच्या हातांना जे आलं ते त्यांनी केलं. तिने शाळेकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

भिंगरी पांढरी पडली. पिशवी टाकून ती भिंतीच्या आडोशाला पालथी पडली, जशी शिकवली होती तशी, आणि आईच्या लुगड्याचा काठ धरून तिलाही खाली ओढायला लागली. आई तिच्याशेजारी पालथी पडली. झालं ते झालं, तिच्या मनात आलं. एवढी रांग जाऊ दे. एकदा फाटक लागलं की हिला घेऊन घरी जाईन.

पण पोरीने डोकं वर काढलं. रांग शाळेकडेच चालली होती. टकली, रांगेतला सगळ्यात लहान पोरगा ठेंगू, ताई, सगळे सुरुंगाच्या तोंडाकडे. भिंगरी उठली आणि तीरासारखी सुटली. आईचा हात तिच्या टाचेला लागून निसटला. उतारावरून धावत ती रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर, फुली, पुन्हा फुली, पुन्हा फुली. तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की तो आईने कधी ऐकला नव्हता. हजर शिकवताना कितीही केलं तरी असा आवाज आला नव्हता.

पोरं शेवटी क्रशरचीच. नवे कपडे असले म्हणून काय झालं? फुली दिसली तशी सगळी रांग धाडकन मातीत पालथी पडली. कुणी विचारलं नाही. भिंगरी ठेंगूच्या अंगावर आडवी पडली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं. भर रस्त्यात एकटी ताई उभी.

फाटकातून गुरुजी धावत आले. "काय झालं? काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. पोरं धमाक्याची वाट बघत पडून राहिली. पंपावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग टकलीने तोंड वर केलं. तिच्या नाकाला माती लागली होती. "ताई, कुठे आहे सुरुंग?"

ताईने मागे बघितलं. भिंगरीची आई धापा टाकत येऊन पोचली होती. खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी तिच्यात बळ नव्हतं.

"मीच सांगितलं तिला," ती म्हणाली. "थांबेना म्हणून."

 ताईने एकेका पोराला उठवलं, कपडे झटकले, पिशव्या गळ्यात घातल्या. टकलीचा फ्रॉक गुडघ्यापाशी फाटला होता. ती रडत भिंगरीवर ओरडली, "खोटारडी!" भिंगरीला ते ऐकू आलं नाही, पण टकलीचं तोंड तिला दिसलं. रांग पुन्हा लागली आणि गुरुजींच्या मागोमाग फाटकातून आत गेली.

भिंगरी रस्त्यात उभी राहून बघत होती. शाळा जागेवर होती. धूर नाही, दगड नाहीत. खिडकीतून ठेंगूचं डोकं दिसलं, मग टकलीचं. कुणाला काही झालं नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने वळून आईकडे बघितलं आणि आईला कळलं की हिला कळलं.

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. तोंडावरची माती पुसली. आता सगळं सांगायचं, कसंही करून सांगायचं. तू ढ नाहीस, दुसरी शाळा आहे, मी चुकले. त्यातल्या एकाचीही खूण तिच्याकडे नव्हती, तरी तिने हात उचलले.

हात वर आलेले दिसताच भिंगरीने डोळे मिटून घेतले.

घट्ट मिटले, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत. आईने गालाला हात लावला. तिने मान झटकली, पण डोळे उघडले नाहीत. "भिंगरे," आई म्हणाली, "अगं बाळा, बघ की माझ्याकडे." आणि म्हणता म्हणता तिच्या मनात आलं: कान तर देवाने दिलेच नव्हते. होते ते डोळे. ते मी माझ्या हाताने बंद केले.

टेकडीपलीकडे भोंगा झाला. कामावर जायला हवं होतं. तिने हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवून ती पोरीसमोर तशीच बसून राहिली. पंपावरच्या बायका हंडे उचलून निघून गेल्या. शाळेत पोरांनी हजर, हजर म्हणायला सुरुवात केली. टकलीचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता. शेवटी आईने पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि चढण चढायला लागली. भिंगरीने अंग सोडून दिलं, आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, पण डोळे काही उघडले नाहीत.